वस्तूंचं शिल्प : एक कलातास, एक कळशी



'टाकाऊपासून टिकाऊ' हा विषय आपल्यापैकी कोणालाच नवा नाही. कार्यानुभवाच्या तासाला, विज्ञान प्रदर्शनातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, स्नेहसंमेलनात, तो येतोच येतो. पाण्याच्या बाटलीची कुंडी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, लग्नपत्रिकेचा पेनस्टँड, सीडीचा मोर. (सीडी कशासाठी असते हे आताच्या मुलांना माहीतही नाही, तरी मोर काही जात नाही.) यातल्या निम्म्या वस्तू आईने रात्री अकरा वाजता केलेल्या असतात. हे आपल्याला माहीत असतं, आईला माहीत असतं, आणि दोघीही काही बोलत नाहीत.

आज मला त्याच्या शेजारच्या, पण वेगळ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. घरातल्या, रस्त्यावरच्या, शेतातल्या दोन-चार साध्या वस्तू एकमेकींना जोडायच्या आणि त्यातून एकच शिल्प उभं करायचं. कुंडी नाही, पेनस्टँड नाही, उपयोगाचं काहीच नाही. एक आकृती. अर्धी ही वस्तू, अर्धी ती वस्तू, पण बघणाऱ्याला सगळं मिळून एक जीव दिसला पाहिजे. गेली तीन वर्षं मी सातवीच्या वर्गाबरोबर हे करते आहे. पहिल्या वर्षी माझं चांगलंच चुकलं होतं. ते पुढे सांगते.

आधी एक जगप्रसिद्ध उदाहरण, कारण ते वर्गात दोन मिनिटांत कळतं. १९४२ साली, पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, पाब्लो पिकासोने सायकलचं एक जुनं सीट घेतलं आणि एक हँडल घेतलं. सीटचं निमुळतं टोक खाली केलं, हँडल वर लावलं. बैलाचं मुंडकं तयार झालं. बस, एवढंच. ते शिल्प आज पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे. त्याने सीट कापलं नाही, हँडल वाकवलं नाही. दोन वस्तूंची जागा बदलली आणि दिशा बदलली.

मी वर्गात खरंच एक सीट आणि एक हँडल नेलं होतं. सायकल दुकानदाराने फुकट दिलं, वर विचारलं, "मॅडम, बाकीची सायकल कुठाय?" फळ्यासमोर दोन्ही धरल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "खिलार!" दुसरा लगेच म्हणाला, "हॅट, खिलारची शिंगं अशी फाकत नसत्यात, ती मागं जाऊन वर येत्यात." मग पाच मिनिटं वर्गात बैलांच्या जातींवर वाद झाला. मी थांबवला नाही. कारण त्या पाच मिनिटांत एकाही मुलाने 'हे सायकलचं हँडल आहे' असं म्हटलं नव्हतं, आणि एकही मूल ते विसरलंही नव्हतं. ते दोन्ही एकाच वेळी बघत होते. या सगळ्या प्रकाराचं मर्म तिथे आहे. वस्तू स्वतः राहते आणि दुसरंही काही होते. नुसतं सीट दिसलं तर ते भंगार. नुसता बैल दिसला, सीट दिसलंच नाही, तर ते मातीचंच केलं असतं तरी चाललं असतं. दोन्ही दिसायला हवं. पिकासोला तर अशीही गंमत सुचली होती की, उद्या कोणीतरी हे मुंडकं उचलून त्याचं परत सीट आणि हँडल करावं.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. आपल्या आसपास बघा.

ज्वारी निसव्याला आली की शेतात बुजगावणं उभं राहतं. दोन काठ्यांची फुली, वर फुटकं मडकं, मडक्यावर चुन्याचे डोळे, अंगात जुना सदरा. पाखराला माणूस दिसतो, आपल्याला मडकं दिसतं आणि तरी संध्याकाळी बांधावरून येताना आपणही एकदा दचकतो. गुढी बघा. वेळूची काठी, त्यावर साडी किंवा खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या. पाच वस्तू, पाच ठिकाणच्या. पण उभी केली की ती 'गुढी' होते. तिचं डोकं कुठे, अंग कुठे, हे कोणाला सांगावं लागत नाही.

आणि सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या महालक्ष्म्या. इतर ठिकाणी यांना गौरी म्हणतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून फक्त रचनेकडे बघू, आजी रागावणार नाहीत. खाली पत्र्याची किंवा पितळेची कोठी. कित्येक घरांत त्या कोठीत धान्य भरतात. काही घरांत अजूनही डब्यांवर डबे किंवा उतरंड रचून उंची साधतात. त्यावर धड, जुन्या कपड्यांच्या घड्या भरून फुगवलेलं पोलकं, वर नवी साडी, दागिने, आणि शेवटी मुखवटा. मुखवटा बसेपर्यंत ते सामान असतं. मुखवटा बसला, पदर डोक्यावरून आला की घरातली बाई सहज म्हणते, "जरा बाजूला व्हा, त्यांच्यापुढून जाऊ नका." एका क्षणात 'ते' च्या जागी 'त्या' येतात. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की धान्य परत डब्यात, साडी कपाटात, कोठी माळ्यावर. काहीही चिकटवलेलं नसतं, काहीही फोडलेलं नसतं. सगळं टेकवलेलं, बांधलेलं, खोचलेलं असतं.

ही शेवटची गोष्ट माझ्या लक्षात यायला मात्र एक वर्ष गेलं.

पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं, घरातल्या निरुपयोगी वस्तू आणा. आणल्या. गोंद, ग्लूगन, चिकटपट्टी, सगळं वापरून आम्ही सोळा शिल्पं केली. हत्ती, रोबो, विमान, पक्षी. पण टेबलावर मांडल्यावर ती विस्कळीत दिसायला लागली. लाल झाकण, निळी बाटली, गंजलेली साखळी, पांढरा थर्माकोल. एक दिसेनात. मग मला एक युक्ती सुचली. मोंढ्यातून सोनेरी स्प्रेचे चार डबे आणले आणि सगळं एकसारखं सोनेरी करून टाकलं. एकदम झकास दिसायला लागलं. पाहुण्यांनी कौतुक केलं, बक्षीसही मिळालं.

प्रदर्शन संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी रेंगाळत होती. तिने आजोबांचा अडकित्ता आणला होता. आजोबा त्याच वर्षी गेले होते. अडकित्ता तिच्याच शिल्पात, पक्ष्याच्या चोचीत होता. ती शेजारच्याच शिल्पात शोधत होती, कारण सोनेरी रंगाखाली तिला तो ओळखू येत नव्हता. मी दाखवला. तिने बोटाने तो थोडा खरवडला. मग म्हणाली, "निघल का मॅडम ह्यो रंग?" निघाला नाही. रॉकेलने पुसून पाहिला, थोडा निघाला, बिजागरीत जाम बसला तो बसलाच.

तेव्हा मला कळलं की, मी एकसंधपणा आणला नव्हता, फक्त झाकला होता. आकार एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून वरून एकच चादर घातली. आणि चादर घालताना ज्या गोष्टीसाठी मूल ती वस्तू घेऊन आलं होतं, तीच पुसली. रंग देऊच नये असं मी म्हणत नाही. पिकासोनेही असली काही शिल्पं नंतर ब्राँझमध्ये ओतून घेतली. १९५१ सालची त्याची एक वानरी आहे, पिल्लाला छातीशी धरलेली. तिचं तोंड म्हणजे त्याच्या लहान मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी, पोट म्हणजे एक मोठं मडकं, त्या मडक्याचे कान म्हणजे तिचे खांदे. ब्राँझमध्ये ओतल्यावर सगळं एकाच धातूचं झालं, तरी मोटारीची काच, चाकं, बंपर स्पष्ट ओळखू येतात. कारण जोडणी आधीच पक्की होती. ब्राँझ नंतर आलं. माझं उलटं झालं होतं.

मग एकसंधपणा येतो कुठून? हे मी मुलांकडूनच शिकले, आणि थोडं आपल्या हत्तीखान्यातून.

अंबाजोगाईच्या वाचकांना हत्तीखाना सांगायला नको. बाहेरगावच्यांसाठी : आमच्या गावाला खडकात कोरलेली शिवलेणी आहेत. अंगणात दगडी हत्ती आहेत, म्हणून लोक त्याला हत्तीखानाच म्हणतात. मी मुलांना तिथे नेलं आणि विचारलं, हा हत्ती बाहेरून आणून ठेवलाय का? मुलं पायाशी वाकून बघायला लागली. नाही, तो खालच्या खडकाचाच आहे. म्हणजे कारागिराने हत्ती 'केला' नाही, हत्ती नसलेला दगड काढून टाकला. ही वजाबाकीची मूर्ती. तिथे एकसंधपणाचा प्रश्नच येत नाही, सगळा एकच दगड. आपण करतो ती बेरजेची मूर्ती. इथे प्रत्येक वस्तू परकी, दुसऱ्या घरातून आलेली. त्यांना एका घरात नांदवायचं आहे. सातवीच्या मुलांना हे बेरीज-वजाबाकीचं लगेच पटतं. एकाने विचारलं, "मग गुणाकाराची मूर्ती कोणती?" मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

जोडप्राणी आपल्या शिल्पपरंपरेला नवे नाहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो, पंजाखाली हत्ती दाबून धरलेला. दोन तोंडांचा गंडभेरुंड असतो. हे प्राणी जगात कुठेही नाहीत, तरी बघताना खोटे वाटत नाहीत. का? कारण मान जिथून निघायला हवी तिथूनच निघते, पायांवर वजन खरंखुरं पडलेलं असतं, आणि सगळा जीव एकाच कामात गुंतलेला असतो. मुलांनी किल्ल्याच्या सहलीचे फोटो मोबाइलवर मोठे करून हे शोधून काढलं.

आता वर्गात नेमकं काय करतो ते सांगते. चार तासिका लागतात, जोडून दोन-दोन मिळाल्या तर उत्तम.

पहिल्या दोन तासिका फक्त बघण्याच्या. जोडायचं काहीच नाही. ही सक्ती मुलांना जड जाते, कारण हातात वस्तू आली की त्यांना गोंद हवा असतो. प्रत्येकाने आपली वस्तू उलटी करायची, आडवी करायची, लांबून बघायची, एक डोळा मिटून बघायची. सांडशी आडवी धरली की बगळ्याची चोच होते हे कोणालाही दिसतं. पण उभी करून पाय फाकवले तर? नाचणारा माणूस. झारा म्हणजे चेहरा, त्याच्या भोकांमुळे. (दोन गोल भोकं शेजारी दिसली की आपला मेंदू तिथे तोंड शोधतोच. प्लगच्या सॉकेटमध्येही लहान मुलांना चेहरा दिसतो. याचा भरपूर फायदा घ्यावा, पण शेवटी घ्यावा. सुरुवातीलाच डोळे लावले की मुलांना वाटतं काम झालं.)

मग सावलीची परीक्षा. या सगळ्यातला हा माझा सगळ्यात आवडता भाग. दुपारी उन्हात आलेल्या भिंतीजवळ जायचं, दोघा-तिघांनी आपापल्या वस्तू हातात एकमेकींना लावून धरायच्या आणि बाकीच्यांनी वस्तूंकडे बघायचंच नाही, फक्त भिंतीवरची सावली बघायची. सावलीत रंग जातो, गंज जातो, प्लास्टिक-लोखंड हा भेद जातो. राहतो तो आकार. सावलीत जर एकच जीव दिसला तर शिल्प जमलं. सावलीतही 'बाटलीवर झाकण' असंच दिसत असेल तर कितीही स्प्रे मारा, ते बाटलीवर झाकणच राहणार. सोनेरी रंगाने मी जे करायला निघाले होते ते सावली फुकटात करते, आणि वस्तूला धक्काही लावत नाही.

सावली बघून मुलं स्वतःच काही गोष्टी शोधतात. एक म्हणजे कणा. डोक्यापासून शेपटीपर्यंत किंवा पायापर्यंत नजर न अडखळता जाईल अशी एक रेघ हवी. ती सरळ नसली तरी चालेल, तुटता कामा नये. दुसरी, सांधा. प्रत्येक वस्तूला स्वतःचा एक गळा, कान, भोक किंवा दांडा असतो. तिथेच जोडलं तर सांधा खरा वाटतो. तपेल्याच्या मधोमध हात चिकटवला तर तो चिकटवलेला दिसतो. तपेल्याच्या कडीतून निघाला तर तो हात वाटतो. तिसरी गोष्ट मला सांगावी लागते, कारण मुलं ती कधीच मानत नाहीत : एक वस्तू कमी करा. तीन वस्तूंत बैल झाला असेल तर चौथी आणि पाचवी कशाला? मुलांना वाटतं जितकं जास्त तितकं चांगलं. पालकांनाही वाटतं.

मग बांधणी. ग्लूगन मी पूर्ण बंद केली. आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापतो, बोटभर रुंद. पंक्चरवाले पोतंभर देतात. ताणून गुंडाळली की ही पट्टी लोखंड आणि लाकूड, पत्रा आणि काठी, काहीही आवळून धरते, घसरत नाही, आणि सोडली की खूण राहत नाही. जिथे जास्त जोर लागतो तिथे बांधकामावरची बाइंडिंग तार आणि पक्कड. तारेची टोकं आत वळवायची. सुतळी दिसायला छान, पण ओली करून बांधली तरच घट्ट बसते. आणि एक नियम : कोणत्याही वस्तूला भोक पाडायचं नाही. हा नियम महालक्ष्म्यांकडून घेतलाय.

उभं राहणं हा गणित-विज्ञानाचा भाग, तो तास त्या शिक्षकांबरोबर जोडून घ्या. शिल्पाच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेघ पायांच्या मधल्या जागेत पडली पाहिजे, नाहीतर ते कलंडणार. तीन पाय कितीही खडबडीत फरशीवर डगमगत नाहीत, चार पाय डगमगतात. कारण कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात येतातच, चौथा येईलच असं नाही. तिपाई, चूल, कॅमेऱ्याचा स्टँड, सगळं यावर उभं आहे. मुलं भूमितीच्या पुस्तकात हे वाचतात आणि विसरतात. स्वतःचा बैल तीनदा पडला की विसरत नाहीत.

काय आणायचं नाही हेही आधी लिहून द्या. पातं असलेलं काही नाही, फुटकी काच नाही, ट्यूबलाइट नाही, गळणारे सेल नाहीत, कीटकनाशकाचे डबे धुतलेले असले तरी नाहीत, आणि इंजेक्शनच्या सिरिंज अजिबात नाहीत. आमच्या गावात मोठा दवाखाना आहे, त्यामुळे मला हे सांगावं लागलं.

आता दुसऱ्या वर्षीची गोष्ट.

त्या वर्षीही मी वहीत लिहून दिलं होतं : 'घरातील टाकाऊ वस्तू आणा.' आमच्या वर्गात दरवर्षी काही मुलं ऊसतोड कामगारांची असतात. बीड जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आईवडील कारखान्याला जातात ते पाडव्याच्या आसपास येतात. काही मुलं बरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. हा मुलगा आजीपाशी होता. जानेवारी महिना. सगळ्यांनी काही ना काही आणलं, हा दोन दिवस रिकाम्या हाताने आला. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आमच्यात टाकाऊ काईच नसतंय."

मी त्यावर काय बोलणार? खरंच होतं. फुटलेली बादली जनावराला पाणी पाजायला, फाटलेलं लुगडं गोधडीला, वाकलेला खिळा ठोकून सरळ करून परत. 'टाकाऊ' हा शब्द ज्या घरात वस्तू जास्त असतात त्या घराचा आहे. मी म्हटलं, बरं, कामाची वस्तू आण, परत घेऊन जा.

तिसऱ्या दिवशी त्याने आणलं ते असं : पोचे पडलेली अ‍ॅल्युमिनियमची कळशी, एक बंद पडलेली बॅटरी (टॉर्च), कोयत्याची पातं नसलेली लाकडी मूठ, कापडाची चुंबळ, बैलगाडीच्या जुवाच्या दोन जुन्या शिवळा, आणि वाटेत कुठल्यातरी फडाच्या कडेला मिळालेले उसाचे वाळलेले वाढे. वर्गातल्या मुलांनी मदत केली, पण सांगत तोच होता. कळशी पोट. कळशीच्या गळ्यात कोयत्याची मूठ उभी, ती मान. मुठीवर बॅटरी आडवी, काच पुढे, ते तोंड. बॅटरीवर चुंबळ, चुंबळीवर वाढ्यांची मोळी. आणि कळशीच्या खाली दोन शिवळा, पुढे फाकलेल्या. मागे टेकायला कळशीचा बूड. तीन ठिकाणी टेकलं, डगमगलं नाही.

मी विचारलं, "काय आहे रे हे?"

"आई हाय. आन खालून गाडी बी हाय."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. माणसाला अवजाराचं नाव पडलेलं आहे आणि आपण ते इतक्या सहज बोलतो की त्यात काही वेगळं वाटत नाही. या मुलाने मला न सांगता, न समजावता, तेच समोर उभं केलं होतं, पण उलट्या बाजूने. त्याच्या शिल्पात कोयत्याची मूठ होती, पण पातं नव्हतं. पहाटे अंधारात फडात जाताना हातात असते ती बॅटरी तोंडाच्या जागी होती. डोक्यावर मोळी होती. भिंतीवर सावली पाडली तेव्हा वर्ग गप्प झाला, कारण सावलीत बाई अगदी स्पष्ट दिसत होती, मोळी घेऊन चाललेली, आणि पाय तिचे नव्हते.

माझ्या टेबलाखाली सोनेरी स्प्रेचा उरलेला अर्धा डबा अजून होता. मी काही म्हटलं नव्हतं, तरी त्याचं लक्ष गेलं. "रंग नगं मॅडम. कळशी परत न्यायाचीय. आज्जी शेजारच्यांची घेऊन पाणी भरतीय."

मोठ्या कलाकारांबद्दल बोलायचं तर बरंच आहे. मुंबईत अर्झान खंबाटा भंगारातल्या लोखंडाची शिल्पं करतात, मुळात ते वास्तुरचनाकार. सुबोध गुप्ता स्टीलच्या ताट-वाट्या-डब्यांची प्रचंड शिल्पं करतात, ती जगभर गेली आहेत. ही नावं मुलांना दाखवा, फोटो दाखवा. पण मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते नेकचंद यांना. ते चंदिगडला रस्ते विभागात निरीक्षक होते. फाळणीत त्यांचं गाव पलीकडे राहिलं. इकडे नवं शहर वसवायला जुनी खेडी पाडली गेली, आणि त्या पाडकामातलं सामान ते सायकलवर वाहून जंगलातल्या एका जागी नेत राहिले. फुटक्या बांगड्या, फुटक्या कपबश्या, विजेच्या सामानातली चिनीमाती, टाइल्स. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून, बरीच वर्षं, नोकरी सांभाळून, गुपचूप. जागा सरकारी होती, परवानगी नव्हती. उघडकीला आलं तेव्हा पाडून टाकायचीही चर्चा झाली. पण लोक बघायला यायला लागले आणि १९७६ मध्ये तेच 'रॉक गार्डन' म्हणून सर्वांसाठी खुलं झालं. तिथे बांगड्यांचे तुकडे अंगभर लावलेल्या बायकांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. त्या बांगड्या कोणाच्या तरी हातात होत्या, हे बघताना विसरता येत नाही.

आमच्या गावाला तर याहून जुना दाखला आहे. दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात इथे बसून ग्रंथ लिहिला तो कागदावर नाही, पासोडीवर. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. ते शिल्प नाही, पण मुलांना सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच घरातलं पांघरूण येतं, आणि पांघरुणावर पुस्तक लिहायचं म्हणजे काय हे ती मोजायला लागतात. आम्ही वर्गाबाहेर व्हरांड्यात ४० फूट मोजले. व्हरांडा पुरला नाही.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. मी सुबकपणाला गुण देणं सोडलं. तीन प्रश्न विचारते. हलकासा धक्का दिला तर उभं राहतं का? सावलीत एक दिसतं का? आणि प्रत्येक वस्तू कुठून आली, कोणाची, कशाला वापरायची, हे मूल सांगू शकतं का? तिसऱ्या प्रश्नाला आईने रात्री अकरा वाजता केलेलं शिल्प टिकत नाही. पालकहो, यात तुमची मदत लागेल ती एवढीच : मूल माळ्यावरची एखादी वस्तू खाली काढेल तेव्हा ती कोणाची होती ते त्याला सांगा. बाकी त्याच्यावर सोडा. आणि मूल एखादी वस्तू नेऊ म्हणालं आणि तुमचा जीव झाला नाही, तर नाही म्हणा, त्याच्या जागी फोटो काढून द्या. सगळंच शाळेत यायला हवं असं नाही.

वहीत मी आता 'टाकाऊ' लिहून देत नाही. 'घरातली एक वस्तू, परत नेण्याच्या बोलीवर' असं लिहून देते. शिल्प दोन दिवस वर्गात राहतं, तिसऱ्या दिवशी सुटतं. सोडण्याचा तासही मी ठेवते. मुलांना आधी वाईट वाटतं, मग आपापली वस्तू घेऊन घासून-पुसून दप्तरात ठेवतात. फोटो आणि वस्तूंची हकिगत वहीत राहते. (वही तपासायला सोपी जाते, हा आपला फायदा.)

त्या मुलाचं शिल्प सोडायच्या आधी मी फोटो काढला आणि त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवला. दोन दिवस काही उत्तर आलं नाही, फडात रेंज नसावी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा आवाजी मेसेज आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. आधी पोरगं शाळेत रोज येतंय का ते विचारलं, मग आज्जीच्या गोळ्या संपल्यात का ते विचारलं. मग म्हणाली, "फोटू बघितला मॅडम. त्या कळशीला भोक तर नाई पाडलं ना?"

मी उत्तर पाठवलं, नाही पाडलं, ट्यूबच्या पट्टीनेच बांधली होती, कळशी घरी गेली. तोवर ती घरी जाऊन भरूनही झाली होती.